न झालेली हक्कसोड

३ नोव्हेंबर २०२५, खामगाव
आजपासून मी वकील माणिकराव सरांची ज्युनिअर! उंद्रीहून सकाळच्या एसटीने आले. आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू सरांनी एका बैठकीत चार खाल्ले, म्हणजे माणूस बरा असावा. मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय. सरांचा सगळा जीव त्यांच्या नव्या सॉफ्टवेअरवर. दोन ओळी सांगितल्या की अख्खा दावा लिहून देतं. ज्युनिअरपेक्षा बरं, सुटी मागत नाही, असं म्हणाले, मग मी समोरच बसलेय हे लक्षात येऊन माझ्यासाठी दुसरा चहा सांगितला.

पहिल्या पक्षकार सत्यभामाबाई. वय बासष्ट. पिंपळगाव राजा या गावातल्या वडिलांच्या वावरात भावाने, रंगरावने, हिस्सा दिला नाही म्हणून वाटणीचा दावा. दीड एकर. सध्या लेकीकडे राहतात, बाजारात मेथी-सांभाराच्या जुड्या विकतात. जावयाच्या घरात किती दिवस राहायचं, आपल्या वावरात एक खोली बांधायची, एवढंच त्यांचं म्हणणं. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ही केस जिंकायचीच.

६ नोव्हेंबर
माझ्यासारखी गाढव मीच. आज बाईंच्या साक्षीचं प्रतिज्ञापत्र दाखल केलं. सॉफ्टवेअरने लिहिलं, सरांनी छापलं, तेवढ्यात कोर्टात नाव पुकारलं. कागदाच्या तळाशी ‘वाचून दाखविले, समजले, खरे आहे’ असं छापलेलंच असतं. वाचून कोणीच दाखवत नाही. बाईंनी अंगठा दिला, त्यांना ओळखते म्हणून खाली मी सही केली.

संध्याकाळी खोलीवर प्रत वाचली. चौथा परिच्छेद: ‘दिनांक १२ मे १९९७ रोजी मी कडूबा तुळशीराम या साक्षीदारासमोर भावास हक्कसोडपत्र करून दिले. सदर दस्त त्याने फसवून घेतला.’ हक्कसोड, म्हणजे आपल्या हिश्श्यावर पाणी सोडल्याचा कागद! बाई हे कधीच बोलल्या नव्हत्या. यंत्राने शंभर बहिणींचे दावे वाचले असतील, त्यातलं कुणाचं तरी दुखणं उचलून बाईंच्या नावावर टाकलं. आणि खाली सही माझी.

१८ नोव्हेंबर
बारा दिवस सरांच्या मागे लागलेय. शेवटी म्हणाले, दुरुस्तीचा अर्ज देऊ. तो अर्जही त्यांनी सॉफ्टवेअरकडूनच लिहून घेतला! त्यात हक्कसोड कायम, वर ‘सदर दस्त कडुनिंबाखाली बाजेवर बसून झाला’ ही नवी भर. मी तो फाडला. सरांनी चहा एकट्यापुरताच सांगितला.

मग मीच धावपळ केली. निबंधक कार्यालयात असा दस्त नाही. पिंपळगाव राजात कडूबा तुळशीराम नावाचा माणूस कोणाला माहीत नाही. बाईंना फोन केला तर म्हणाल्या, “म्या कुठीच अंगठा देला नाही वं माय!” इतकंच काय, बसस्टँडवर रंगराव भेटला, तोसुद्धा हसला. म्हणे, असा कागद असता तर मी गावभर मिरवला नसता काय?

१ डिसेंबर
आज रंगरावचं प्रतिज्ञापत्र आलं. त्याच्या वकिलाकडेही तेच सॉफ्टवेअर. तीच हक्कसोड, तीच तारीख, तोच कडूबा. कडुनिंब आणि बाजसुद्धा. तो अर्ज तर मी फाडला होता. दाखल झालाच नव्हता.

बाहेर रंगरावला गाठलं. तुम्हीच हसला होतात ना, म्हटलं. त्याला हसल्याचं आठवत नाही. कागद झाला म्हणतो, अक्का हिरवं पातळ नेसली होती म्हणतो. खोटं बोलणाऱ्याचं तोंड मला कळतं. तो खोटं बोलत नव्हता.

सरांना सांगितलं. म्हणाले, दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट काऊन उकरून राह्यली तू?

९ डिसेंबर
कोर्टात रंगरावच्या बाजूचा साक्षीदार म्हणून शिपायाने कडूबा तुळशीराम अशी हाक दिली. मला हसू आलं. येणार कोण?

मागच्या बाकावरून एक म्हातारा उठला.

पिंजऱ्यात उभा राहून त्याने चौथा परिच्छेद म्हटला. शब्दन् शब्द. ‘सदर दिवशी’, ‘सदर दस्त’. पिंपळगावचा म्हातारा आणि एक शब्द वऱ्हाडी नाही. राहता कुठे, मी विचारलं. ‘सदर गावी.’ मुलंबाळं? ‘सदर दिवशी मी हजर होतो.’ पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, त्याच आवाजात, मध्ये श्वास न घेता. कोणालाच काही वाटलं नाही. मी ओरडले बहुतेक. सरांनी मला हाताला धरून खाली बसवलं.

१० डिसेंबर
बाईंच्या लेकीकडे गेले. हात जोडले. परवा तुमची उलटतपासणी, फक्त एवढं सांगा की असा कागद मी केला नाही.

बाई मेथी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “झालं होतं वं माय. म्याच इसरली होती. हिरवं पातळ नेसली होती.”

आणि वावरातली खोली? — विचारलं मी.

“कायची खोली?”

रस्त्यात बसून रडले. त्यांचं वावर गेलं ते गेलं, हवंसं वाटणंही — आणि ते मी, माझ्या सहीने —

११ डिसेंबर
स्वतःचं प्रतिज्ञापत्र लिहायला घेतलं. हाताने. चूक माझी, परिच्छेद खोटा. एवढंच लिहायचंय. तीन कागद फाडले. दुसऱ्या ओळीनंतर हात भलतंच —

दस्त १९९७चा, माझा जन्म १९९९चा. हे लिहून ठेवते. १९९९.

बाजेचा एक पाय आखूड होता. हे कुठल्याच कागदात नाही. मग मला —

ऊन होतं. बाई रडत होत्या. त्यांना अंगठा द्यायचा नव्हता, हात मागे ओढत होत्या — रंगराव लांब उभा — मनगट कोणीतरी दाबून धरलं होतं —

बांगडी रुतली. माझ्या तळहातात. मी जन्मले नव्हते, मी सांगते ना, मी जन्मलेच — पण मनगट मी —