पाचवा फोटो

न भेटलेल्या साहेबांस,

माझ्या मुलीला वाचता येत नाही; अक्षरं जागेवर बसतच नाहीत म्हणते. तुम्ही तिला तपासून तसा सरकारी दाखला दिलात, तरच शाळा तिला वेगळं शिकवणारी बाई देणार. तोवर ती शेवटच्या बाकावर चित्रं काढते आणि पोरं तिला 'ढ' म्हणतात.

अर्जाला दोन वर्षं झाली. तपासणी नाही, पण दर सहा महिन्यांनी तुमचं पत्र मात्र न चुकता येतं: 'फोटो जुना झाला, नवा पाठवा.' तुमच्या फायलीत आता तिचे चार फोटो आहेत. दुधाचे दात, मग खिडकी, मग अर्धे दात, मग पुरे. आमच्या घरच्या अल्बममध्येही इतके नाहीत.

काल पाचवा फोटो मागितलात. पोरीनं विचारलं, "आई, त्या साहेबांनापण वाचता येत नाही का गं?"

"येत असेल की."

"मग दोन वर्षं काय करतायत? त्यांनापण वेगळी बाई लागणार बघ."

मला पटलं. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, तेही फायलीलाच लागेल. सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी आम्ही दोघी डबा घेऊन दारात बसू, आणि तपासणी होईपर्यंत रोज येऊ. फोटो पाठवत नाही. पोरगीच घेऊन येते.

अजून न दमलेली,
तिची आई