पिचर आणि पिच्चर

तांबरम, मद्रास
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप भीमसेनमामांच्या चरणी भाचा व्यासराज याचा, उजव्या खांद्याला चोळलेल्या तेलाच्या वासासह, साष्टांग नमस्कार. तंजावरात सगळे खुशाल असाल, मामींचे गुडघे जिना चढू देत असतील, आणि आपली चंद्रिकाही (नाव लिहिताना अक्षर वाकडं येतं, पण त्याला खांदाही कारण आहे) मजेत असेल. आमचं लग्न ठरल्याप्रमाणेच होणार, ही आपली तार काल मिळाली आणि कितीतरी दिवसांनी मला भात गोड लागला.

आता झालं ते मुळापासून सांगतो. गिंडीला मी कारकून आहे त्या पंपांच्या कारखान्यात यंत्रं बसवायला एक अमेरिकन साहेब आला आहे. त्याला इथलं ऊन सोसतं, आमचं सांबारही सोसतं, पण बेसबॉलवाचून करमत नाही. (बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा चुलतभाऊ, फक्त चेंडूचा टप्पा पाडायचा नाही, आणि टोला बसला की बॅट टाकून पळायचं.) एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यावर आलेल्या माकडाला मी पेरू फेकून मारला. तो नेमका लागला (मारुतीरायाची क्षमा मागितली आहे, आणि पेरू माकडानेच खाल्ला), साहेबाने ते पाहिलं आणि तिथल्या तिथे मला पिचर नेमलं. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा.

संध्याकाळी घरी येऊन मी वसंतामावशीला मोठ्या ऐटीत सांगितलं, "साहेबाने मला पिचर केलं." आपल्या धाकट्या बहिणीने ऐकलं 'पिच्चर'. कोडंबाक्कमचे सिनेमाचे स्टुडिओ आमच्याच गाडीच्या वाटेवर, त्यामुळे तिला शंकाही आली नाही. तरी तो घोटाळा दोन दिवसांत मिटला असता, पण साहेबाची शिकवण आडवी आली. साहेबाचं म्हणणं असं, की चेंडू हाताने नव्हे, पायांनी फेकायचा. डावा गुडघा छातीपर्यंत उचलून एका पायावर स्थिर व्हायचं, कंबर वळवायची, लांब पाऊल टाकायचं आणि हात सगळ्यांत शेवटी आणायचा. नजर मात्र समोरून हलता कामा नये. आणि हे सगळं रोज आरशासमोर करायचं! शिवाय आमच्या भांडारातला गुंडो, जो चेंडू झेलतो, तो माझ्यासमोर उकिडवा बसून बोटांनी गुप्त खुणा करणार, आणि पसंत नसेल तर मी मान हलवणार.

मावशीने दाराआडून काय पाहिलं असेल याची आपणच कल्पना करावी. भाचा आरशापुढे डोळे वटारून पाय उचलतोय, कंबर लचकवतोय, समोर बसलेल्या माणसाच्या बोटांकडे बघून मान हलवतोय. गुंडोला तिने नट्टुवनार, म्हणजे नाच बसवणारा गुरू, ठरवून टाकलं. "अय्यो, आमच्या कुळांत कूत्ताडी, नाच्या निपजला कीं रे!" म्हणून ती रडली आणि तिने आपल्याला पत्र टाकलं. त्यावर आपली पहिली तार आली, 'पिच्चर सोड नाहीतर चंद्रिका विसर.' मामा, लाज सोडून लिहितो, पिच्चर सोडायला माझी ना नव्हती, पण तो धरलाच नव्हता. आणि चंद्रिकेला विसरणं मला जमण्यातलं नाही.

मी खुलासा लिहिला, पण कारखान्यात चेंडू फेकायला माणूस नेमतात यावर आपला विश्वास बसेना (माझाही बसला नव्हता), म्हणून आपण थोरल्या चिरंजीव राघोत्तमला चौकशीला पाठवलंत. तो आला तो थेट सामन्यालाच. माझा पहिला चेंडू गुंडोच्या डोक्यावरून गेला, दुसऱ्याला पंच खाली बसले, आणि तिसरा राघोत्तमच्या उघड्या छत्रीतून आरपार झाला. साहेब जवळ आला, पाठीवर हात ठेवून म्हणाला, "हळू. आधी पाय, मग हात." मग मी बाकी सगळं विसरलो, गुडघा उचलला, गुंडोच्या हातमोज्याकडे पाहिलं आणि चेंडू सोडला. फट्! समोरच्याची बॅट नुसती हवेत फिरली. त्या एका चेंडूचा आनंद मी जन्मभर विसरणार नाही. सामना अर्थात आम्ही सपाटून हरलो. राघोत्तम छत्रीच्या भोकातून माझ्याकडे बघत म्हणाला, "हा पिच्चर असेल तर कोणी टिकीट घेणार नाहीं!" आणि तडक तार करायला गेला. हुश्श!

आपला आज्ञाधारक भाचा, आणि आपल्या कृपेने होणारा जावई,
व्यासराज

ता. क. राघोत्तमच्या छत्रीला मी नवं कापड घालून देईन.

आणखी एक ता. क. हे पत्र चंद्रिकेसमोर वाचू नये. काल गाडी सुटता सुटता राघोत्तमने खिडकीतून सांगितलं, की कारकुनाच्या गळ्यात बांधतात म्हणून ती इतके दिवस रुसून बसली होती, आणि व्यासू पिच्चरात गेला हे कळल्यावर एकदम खुलली. तेव्हा आपल्या पाया पडून मागणं एवढंच, की अक्षता पडेपर्यंत तिला तसंच वाटू द्यावं. काम कसलं म्हणून तिने विचारलंच, तर फेकायचं आहे एवढंच सांगावं. ते खोटं होणार नाही.