पेज नव्हे, पिठलं

१२ जानेवारी १९९८
मी स्वतःच्या हाताने केलेलं: नाचणी वाळवायचे सहा ट्रे — सागाच्या पट्ट्या, खाली मच्छरदाणीची जाळी. भाजायचं पिंप, सायकलच्या चेनवर फिरणारं. दोन चाळण्या. आणि लहान मुलांच्या सत्त्वाच्या पाकिटावरचा मजकूर, शब्दन् शब्द. शिक्षण नववी नापास!
तीन भाग मोडाची नाचणी, एक भाग मूग. भिजवणं बारा तास. अकरा नाही, तेरा नाही.

१५ जानेवारी
नाचणी पाखडायला कुसाबाई येते. पेठ तालुक्याकडची, दिवाळीनंतर सगळं घर इकडे बांधकामावर. आज नातवाला घेऊन आली — लहानू, अकरा महिन्यांचा. हातापायाच्या काड्या. माझ्या काट्यावर ठेवला. सहा किलो चारशे.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणे, आजार नाही, अन्न कमी पडतंय. महिन्यात वजन वाढलं नाही तर मोठ्या दवाखान्यात भरती. भरती म्हणजे त्याची आई ललिता कामावरून गेली. मुकादम जागा राखत नाही.
मी म्हटलं, भरती कशाला? पाकिटं दिली. मागे लिहिलंय तसंच करा म्हणून बजावलं. ललिता सातवी शिकलीय, वाचते.

१ फेब्रुवारी
सहा चारशे. काटा शून्यावर आणून पुन्हा बघितलं. सहा चारशे.

८ फेब्रुवारी
सहा साडेतीनशे!
रागावलो. घरातले सगळेच खात असाल, भाकरी थापत असाल — नको ते बोललो. कुसाबाईने सूप थांबवलं नाही. म्हणाली, "भाऊ, तुमची पावडर देखणी हाय. पण पोटात गेली का पाणीच ती."
आत वत्सला हसली. बायकोचं हसणं जास्त लागलं.

९ फेब्रुवारी
सकाळी इंदिरानगरच्या मागे त्यांच्या पालावर गेलो. ललिताला म्हटलं, माझ्यासमोर कर.
तिने तीन चमचे मोजून घेतले. अगदी बरोबर. आणि तांब्याभर पाण्यात शिजवले! लहानू पेला भरून प्याला, पोट तट्ट झालं, झोपला. अन्न कुठे होतं त्यात?
एवढं पाणी का, विचारलं. तिने पाकीट पुढे केलं. "तुम्हीच लिवलंय ना, पेज करावी. पेज आशीच राहते."
खरंच लिहिलंय. तीन चमचे घेऊन पेज करावी. पाणी किती, ते लिहिलंच नाही. मी! भिजवायचे तास मोजणारा मी.
'पेज' शब्द एका पुस्तिकेतून उचलला होता. लापशीपेक्षा भारदस्त वाटला. आमच्या विंचूरला कोण पेज करतं? शब्द यांचा. यांच्या घरात तो रोज शिजतो. मी नुसता छापला.
मग मी वाटीभर पाण्यात शिजवून दाखवलं. चमचा उपडा धरला, पडलं नाही. कुसाबाई वाकून बघत होती. "मंग पिठलं म्हना की सरळ! पेज कशापायी लिवता?"
कालच्या बोलण्याबद्दल माफी मागायची होती. नुसतं हो म्हणालो.

१० फेब्रुवारी
नऊशे पाकिटं छापून पडलीत. एकेकावरचं 'पेज' काळ्या शाईने खोडतोय. वर लिहितो — 'वाटीभर पाणी. पिठल्याइतकं घट्ट. चमचा उपडा केला तरी पडू नये. वर अर्धा चमचा तेल.'
वत्सला म्हणते, खोडलेलं पाकीट कोण घेणार?

११ फेब्रुवारी
एकशे चाळीस झाली. अक्षर सारखं येत नाही.

१५ फेब्रुवारी
सहा पाचशे. डॉक्टरीणबाईंनी पंधरा दिवस दिले. खायला काय देता विचारलं, तर कुसाबाईने सांगितलं, पिठलं. बाई दचकल्या म्हणे. मग ललिताने पाकीट दाखवलं.

१ मार्च
सहा आठशे. भरती नाही.
लहानू काट्याचं तबक ओढतो. वजन नीट घेऊ देत नाही. चार वेळा घ्यावं लागलं.

४ मार्च
सिन्नरच्या एका कारखान्याचे शेखर वाघ आले होते. नाव आणि कृती विकत घेतो म्हणाले. अट एकच: खोडाखोड काढायची, पूर्वीसारखं 'पेज' छापायचं. पातळ केलं की तीन चमच्यांत दिवस निघतो, एक पाकीट महिनाभर पुरतं, गिऱ्हाइकाला स्वस्त वाटतं.
नाही म्हटलं. सव्वा लाख देत होते.