चित्र पुसायचा पाव

रत्नागिरी,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५५

ती. स्व. दादास,

धाकट्या दमीचा नमस्कार. आम्ही इथे सारी सुखरूप आहोत. गोदावहिनींचा खोकला थांबला का? (इथून नेलेला मोरावळा त्यांनाच देतोस ना? तुझा काही भरवसा नाही.)

तुझ्या सल्ल्याने वागायला गेले आणि फसले, हे आधी सांगते. येत्या सोमवारी माझी ड्रॉइंगची परीक्षा. पास झाले तर मुलींच्या शाळेत शिकवायची जागा मिळेल, आणि त्या जागेवर माझा किती जीव आहे ते तू जाणतोस. म्हणून तुझं पत्र पाठच केलं: रेघ मुळात फिकी काढावी, रबर आधी कोऱ्या कागदावर पुसून मग चित्राला लावावं, भांडं घासल्यासारखं रगडू नये, भुगा फुंकरीने उडवावा. पण इथल्या खाऱ्या हवेत रबराचा झालाय दगड. नारळाची चुकलेली शेंडी पुसायला गेले तर कागदालाच भोक! (भुगा पदराने झटकला हेही कबूल करते. नारळाला मिशा आल्या.)

मग तुझं दुसरं पत्र: पावाचा मऊ गर मळून गोळी करावी, नुसती टिपावी, शिसं अलगद उचलून येतं. अरे शहाण्या, आमच्या घरात पाव म्हणजे काय, हे मुंबईला जाऊन विसरलास? तरी इकडून (म्हणजे तुझ्या मेहुण्यांकडून, नाव घ्यायला लावू नकोस) तो कोटाच्या खिशातून आणणं झालं. वर छत्री उघडलेली, पाऊस नसताना, त्यामुळे अख्ख्या आळीने पाहिलं. आणि खरं सांगते, गोळीने कमाल केली. घड्यावरचा उजेड हवा तिथे उमटला, कागदाला ओरखडा नाही. पण पाव ठेवलेल्या पेटीला मुंग्या लागल्या, सासूबाईंनी झाकण उघडलं, आणि "अगो, घर बाटवलंस गो!" म्हणून असा टाहो फोडला की खाडीपलीकडे भाट्याला ऐकू गेला असेल. पाव मागच्या पडवीत, मी चुलीपुढे आणि परीक्षा बंद. दोन दिवस रडले रे दादा. यात थट्टा नाही.

मग काय चक्रं फिरली कोण जाणे! सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, दे हो परीक्षा, विद्येला कसला विटाळ. पाव मात्र पडवीतच राहील आणि त्याची राखण त्या स्वतः करतील. काल तर मुलाला बजावलं, सुनेचा पाव शिळा झालाय, ताजा आण, दोन आण. माझी चित्रं बघूनच त्यांचं मन वळलं असणार. मला फार फार बरं वाटलं.

वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
दमी

ता. क. खरं काम राहिलंच. मळून वापरायचं मऊ विलायती रबर तिकडे मिळतं म्हणतोस, ते शनिवारच्या आत आगबोटीने येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठव.

आणखी ता. क. रबर पाठवू नकोस! पाकीट चिकटवायला खळ आणायला आत्ता पडवीत गेले, तर सासूबाई दाराआड बसून चहात पाव बुडवून खात होत्या. डोळे मिटून. मी पाऊल न वाजवता मागे फिरले. घरात रबर आलं की पावाचं निमित्त संपलं, आणि मग माझ्या परीक्षेचं काय? उद्या जागा मिळाली, तर पाव रोज ताजा लागेल, असं मी त्यांच्या कानावर घालून ठेवणार आहे.