दोन बॅट्समन दिले, एक बॉलर घेतला

१० जुलै १९५५, रविवार, अहेरी
निर्णय झाला. यंदा चांद्याला हरवायचंच.
गेल्या जानेवारीत दोन ऑफिसांच्या क्रिकेट मॅचमध्ये आपण १४१ रन केले. तरी हरलो. दसरू ५८, लच्छू ४१, मी २ (लच्छूने चुकीचा कॉल दिला). चांद्याच्या ऑफिसने तीन विकेटीत रन काढले. म्हणजे बॅटिंग नको तेवढी आहे, बॉलर एकही नाही. हे नऊ वर्षं कॅप्टन राहिलेल्या माणसालाच दिसतं. पावसाळ्यात बाकीचे भजी खातात, कॅप्टनचं डोकं चालतं.
साहेब सप्टेंबरात पेन्शनीत जाणार. जाता जाता साहेबाने हेड क्लार्कचं, म्हणजे माझं, एक काम करून द्यायचं, असा आमच्या खात्याचा रिवाज आहे. चांद्याला एक जागा रिकामी आहे. सुगंधा म्हणते, साहेबांना सांगून आपली बदली तिथे करून घ्या. दरवर्षी तिला हिवताप येतो, पोटात पानथरी (प्लीहा) वाढली आहे. हवा बदला, असं डॉक्टरने दोनदा सांगितलं. मी पाहतो म्हटलं.

१७ जुलै
ओसरीवर मीटिंग. प्रस्ताव: दसरू आणि लच्छूची बदली चांद्याला, तिथला फास्ट बॉलर वारलू इकडे. सगळं कायदेशीर, ऑफिसच्या कागदावर.
रेकॉर्ड कीपर भैयाजी (विकेटमागेही हाच, कॅच सोडायला) विरोधात. म्हणे दसरू वीस वर्षांचा आहे, अजून पंधरा वर्षं खेळेल. वारलू तिशी पार. हातचं सोडून पळत्याच्या पाठी काऊन लागता? मी शांतपणे समजावलं की रन करणारे पैशाला पासरी मिळतात, विकेट काढणारा जन्माला यावा लागतो. त्यावर सगळ्यांनी भजी उचलली. म्हणजे पटलं.
दसरू-लच्छूला बोलावलं नव्हतं. बाजारात बैलाला विचारतात का?

२ ऑगस्ट
चांद्याचा हेड क्लार्क आणि कॅप्टन मुखरूभाऊ याचं उत्तर आलं. भाव पाडायला मी पत्रात एकास एकच म्हटलं होतं. तो म्हणतो, वारलू माझा उजवा हात आहे, दोघांच्या खाली सोडणार नाही. मीही काही कच्चा नाही. दोन देतो, पण तुमची पिचवर टाकायची चटई वर पाहिजे, असं ठणकावून लिहिलं.

१६ ऑगस्ट
मुखरू वाकला! चटई मोटरने आली. मधोमध भोक आहे. शिवून होईल.

१९ ऑगस्ट
पोळा झाला आणि सुगंधा आडवी झाली. ताप १०४. दोन गोधड्या, वर माझा कोट, तरी खाट हलते. कोयनेलच्या गोळ्या देतो आहे. तापातच विचारत होती, साहेबांशी बोललात का. फाईल चालू आहे म्हटलं. खोटं नाही. फाईल चालूच आहे.

१२ सप्टेंबर
साहेबांचा निरोप. मी भाषण केलं, फार रंगलं. नंतर साहेबांनी आत बोलावून विचारलं की दादाजी, तुमचं काय काम करू? मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, परत वाचला. यात तुमचं नाव कुठे आहे, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्याशिवाय हे ऑफिस चालणार नाही. त्यांनी सही केली. गंगेत घोडं न्हालं.
सुगंधाला सांगायचं आहे. ताप उतरल्यावर सांगू.

१५ सप्टेंबर
ऑर्डर वाचून दोघे माझ्या पाया पडले. लच्छू तर रडला. म्हणाला, तीन वर्षं अर्ज करून राह्यलो होतो, तुमी देवमाणूस आहात. मला वाटलं होतं, क्लब सोडताना थोडं तरी वाईट वाटेल. दसरूने पेढे वाटले. लेकाचे!

४ ऑक्टोबर
वारलू आला नाही. नद्यांना पाणी आहे म्हणावं तर मोटर चालू झाली.
सुगंधाला विहिरीवर कळलं. घरी येऊन तिने एवढंच विचारलं की दोघे गेले ते खरं का. मी हो म्हटलं आणि पुढचा प्लॅन समजावायला घेतला. ती चुलीकडे वळली. तिला क्रिकेट समजत नाही.

२१ ऑक्टोबर
वारलूचा अर्ज आला. खांदा दुखतो, तीन महिने आराम पाहिजे, सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट. भैयाजी हसला. म्हणे अहेरीच्या बदलीला तिकडे काळं पाणी म्हणतात, ऑर्डर निघाली की चांद्याच्या माणसाला काही ना काही दुखतंच.
हा अडाणीपणा आहे. बॉलरचा खांदा नाजूक असतो. मी स्वतः नोट लिहिली, रजा मंजूर व्हावी. नव्या साहेबांनी सही केली. मॅच तशीही चांद्यालाच आहे. वारलू तिथंच राहतो. इथे येऊन परत जायची दगदग वाचली.

८ जानेवारी १९५६, रविवार, चांदा
थोडक्यात लिहितो.
वारलू मैदानावर हजर होता. खांदा ठणठणीत. मी त्याला कॅप द्यायला गेलो तर तो मुखरूच्या टोळीत जाऊन उभा राहिला. मी भांडलो. मुखरूने नियम काढला: नव्या जागी हजर होईपर्यंत माणूस जुन्या ऑफिसचा. नियम बरोबर आहे. ऑफिसातल्या पोरांना तो मीच शिकवला.
आम्ही ३७ ऑल आऊट. वारलू सात विकेटी. मी पहिल्याच बॉलला बोल्ड (ऊन डोळ्यांवर होतं). मग चांद्याकडून दसरू आणि लच्छू आले आणि एकही विकेट न पडता रन काढून घरी गेले. मुखरूने चहा पाजला. वर विचारलं, चटई कशी आहे?

१० जानेवारी, अहेरी
सकाळी स्वतःच्या बदलीचा अर्ज घेऊन नव्या साहेबांपुढे उभा राहिलो. ते म्हणाले, चांद्याला एक रिकामी आणि एक वारलूची अशा दोन जागा होत्या, दोन्ही तुमच्याच कागदाने भरल्या. इथे आता तिघांचं काम एकटा माणूस करतो, तुम्हाला सोडू कसं? तीन वर्षं तरी विसरा.
घरी आलो. सुगंधाला आज परत हिव भरलं आहे. जानेवारीत कधी येत नव्हतं. मॅचचं तिने विचारलं नाही. मीच सगळं सांगितलं, साहेब काय म्हणाले तेही. तिने गोधडीतून तोंड बाहेर काढलं.
"दोन जागा होत्या नं चांद्याले," ती म्हणाली. "अन आपून बी दोघंच होतो."
मी कोयनेल आणतो म्हणून निघालो. दवाखाना पाचलाच बंद झाला होता, हे मला माहीत होतं. तरी त्याच्या दारापर्यंत जाऊन आलो.