लांबचं दिसायला लागल्यापासून

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दादाने आज परत मला खड्ड्यात घातलं. मी संत्र्यांचा ट्रक घेऊन नीट चालले होते, हा मागून हॉर्न मारत आला आणि असा घुसला की माझी गाडी थेट रस्त्याखाली. फोनवर खिदळत होता. "मीने, कोनं देल्लं व तुले लायसन?" कोणी दिलेलं नाही. स्कूटी सोडून मला काहीच चालवता येत नाही. पण दिवाबत्ती झाली की मी इथून जठारपेठेतून आणि तो तिकडे अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेहून, दोघं तासभर गेममधल्या एकाच रस्त्यावर ट्रक हाकतो.

त्याचा कॉम्प्युटर म्हातारा, माझा लॅपटॉप लेकीने पुण्याला जाताना टाकून दिलेला. चित्र दोन्हीकडे सारखंच भिकार. झाडं म्हणजे हिरवे ठोकळे, आणि तीही गाडी अगदी जवळ गेली की फटकन उगवतात. माणसंही तशीच. दादा म्हणतो, "पाय, असंच होते. अचानक येते समोर."

हे म्हणाले, बेचाळीस वर्षांची बाई ट्रक चालवते, शेजारी ऐकतात. ऐकू देत.

१४ नोव्हें., गुरु.

वहिनीचा फोन. दादाच्या पाठीखालची, पडून पडून झालेली जखम पूर्ण भरली. मी कामावर, फोटो स्टुडिओच्या जिन्यातच बसून रडले. आलं रडू तर आलं.

अपघातानंतर कमरेखालचं काही हलत नाही त्याचं. डॉक्टर सांगून थकले, पडून राहू देऊ नका, खुर्चीत बसवा, मधूनमधून हातांवर अंग उचलू द्या. कोणाचं ऐकलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचा. वहिनी कापडाच्या कंपनीत शिफ्टला, दिवसभर घरात हा एकटा. शेवटी मी गेमचं एक खेळण्यातलं स्टेअरिंग नेलं, रेस-ब्रेक हाताच्या बटणांवर लावून दिले, तेव्हा बसला. ड्रायव्हरच तो. आणि आमचा नियम: टोलनाका आला की दोन्ही हातांवर जोर देऊन अंग खुर्चीतून वर. मी विचारते, टोल भरला का? तो म्हणतो, भरला. की पुढे.

डॉक्टरांना जमलं नाही ते टोलनाक्यांनी केलं.

१९ नोव्हें.

लग्नसराई सुरू. दिवसभर अल्बम. आज एका पार्टीचा हट्ट, नवरीच्या मागे कोणीतरी म्हातारी उभी आहे, ती काढून टाका. काढली. तिच्या जागी पडदा ओढला. माझ्या कामाचा निम्मा भाग हाच, माणसं पुसणं.

स्टुडिओच्या काकांनी कॉम्प्युटरला चित्र काढून देणारं मोठं ग्राफिक्स कार्ड घेतलं. त्यांचा पोरगा आधी त्याच मशीनवर तासन्‌तास गेम खेळायचा. कार्ड आल्यापासून खेळतच नाही. सेटिंग बदलतो, पाण्यातली सावली बघतो, परत सेटिंग बदलतो. काका म्हणतात, याले गाडी देल्ली त हा गाडी पुसतच बसला.

निघालेलं जुनं कार्ड काकांनी मला दिलं. त्यांचं जुनं म्हणजे दादाच्या कार्डाचा आजोबा नाही, नातू. रविवारी जाणार.

२४ नोव्हें., रवि.

एसटीत कार्डाची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. ह्यांचं सकाळी सुरूच होतं, "तू बसवशीन? घरातला पंखा पुसता येत नाई तुले." बसवलं. पॉवर सप्लायही काकांचाच जुना नेला होता, तोही बसवला. सगळं चालू झालं तेव्हा वहिनीने मशीनला हळदकुंकू लावलं.

सेटिंग सगळी पूर्ण वर नेली. दादा स्क्रीनजवळ तोंड नेऊन बघत राहिला. मग म्हणाला, "बाप्पा. गवत हालून राहिलं व."

गवत हलत होतं. डांबरावर ऊन होतं. रस्त्याकडेला पानटपरी, तिच्यावर पाटी, पाटीवरची अक्षरं वाचता येत होती. आणि रस्ता पार लांबपर्यंत, टेकडीच्या वळणापर्यंत दिसत होता. एक बैलगाडी तिकडून निघाली तेव्हापासून दिसत होती.

वहिनी भाकरी करायची विसरली. असा रविवार या घरात कधी झाला, आठवत नाही.

२७ नोव्हें.

वहिनी सांगते, शिफ्टवरून येते तरी खुर्चीतच असतो. मी त्याला दम दिला, टोल भरत जा, नाहीतर कार्ड काढून नेईन. "भरतो व माय."

माझ्याकडे मात्र तेच हिरवे ठोकळे. तो म्हणतो, पाय मीने, नदीत म्हशी बसल्या. मी म्हणते हो. माझ्याकडे नदीच नाही.

३ डिसेंबर

आज घुसला नाही. हॉर्न नाही. माझ्या मागे इतका हळू की मीच थांबून थांबून वाट पाहिली.

"गाडीले काय झालं?"

"माणसं हायेत रस्त्यानं."

माझ्याकडे लांबपर्यंत एक माणूस नव्हता.

८ डिसें., रवि.

कालपासून माल भरतच नाही. रिकामी गाडी घेऊन निघतो, पुढे कोणी चालणारं दिसलं की बाजूला घेऊन इंजिन बंद. ते माणूस जवळ येऊन निघून जाईपर्यंत तसाच. मग पुढे. मग दुसरं. तासाभरात आम्ही एक टोलसुद्धा गाठला नाही. म्हणजे हात टेकून उठणंही नाही.

मी चिडले. गेम आहे दादा, ती चित्रं आहेत, चालव. तो म्हणाला, "तुले नाई दिसत, म्हणून बोलून राहिली." फोन ठेवला.

हे म्हणाले, नवं खेळणं जुनं झालं असेल. असं असतं तर किती बरं.

१२ डिसें.

आला नाही. "आज काम हाय." त्याला काय काम?

१८ डिसें., बुध.

वहिनीचा फोन. आठवडाभर मशीनवर कापड टाकून ठेवलंय. परत भिंतीकडे तोंड. आणि आज पाठ पुसताना लाल चट्टा दिसला, त्याच जागी.

कार्ड मीच नेलं. चांगलं चाललेलं, जखम भरलेली, मला कोणी सांगितलं होतं? त्याला सगळं खरंखुरं दिसावं असं मला वाटलं. दोन वर्षं खोलीत पडलेल्या ड्रायव्हरला रस्ता दिसावा. दुसरं काय वाटणार?

एक विचार येतो आणि मी तो ढकलते. अपघाताचा विषय आमच्यात काढत नाहीत. तरी वहीत लिहायला काय जातं. जानेवारीतली पहाट, दादा पिकअपमध्ये शेवंती-झेंडू भरून अमरावतीच्या मार्केटला. धुकं. रिद्धपूरला दर्शनाला पायी निघालेली एक म्हातारी. ती जागीच गेली, गाडी पुलाखाली. दादाचा जबाब, धुक्यात दिसलीच नाही, अचानक समोर आली. आम्ही सगळे भेटायला येणाऱ्यांना तेच सांगत आलो. खरंच होतं ते.

२२ डिसें., रवि.

आज गेले. चट्टा फुटलाय. वहिनी ड्रेसिंग करताना मी बाहेर गेले नाही, बघितलं. बघायला पाहिजे होतं मला.

वहिनी शिफ्टला गेल्यावर मशीन चालू केलं. मनात सगळं ठरवूनच आले होते. सेटिंग पार खाली आणली, जुन्या कार्डाच्याही खाली. लांबचं दिसणं कमी, गवत बंद, माणसं बंद. रस्ता पुन्हा राखाडी. मी म्हणाले, "पाय दादा. पहिल्यासारखं झालं. कोनीच नाई रस्त्यानं."

मान वळवून त्याने पाहिलं.

"कुठं गेले?"

"बंद केले मी."

"तू बंद केले मीने. ते तिथंच हायेत."

मी म्हणाले, अरे नाहीत, मशीन ते काढतच नाही आता. तो ऐकत नव्हता. मग भिंतीकडे बघत, पाण्याचा तांब्या मागावा तशा आवाजात बोलला, "ते बाई मले लांबून दिसली होती."

मला आधी कळलं नाही. खरंच कळलं नाही.

"धुकं होतं. पन इतकं नवतं. पांढरं लुगडं, हातात काठी. पार पुलाच्या अलीकडून दिसून राहिली होती. मी हॉर्न देल्ला. म्हटलं होईन बाजूले. मार्केटले उशीर झाला होता, ब्रेक नाई मारला. म्हटलं होईनच."

बाहेर कुणाचा तरी पंप चालू होता.

"त्या जुन्या कार्डात बरं होतं," तो म्हणाला. "तिथं सगळेच अचानक येत होते."

थोरली बहीण असती तर काही बोलली असती. आई असती तर जवळ घेतलं असतं. मी म्हणाले, टोल भरला का? एवढंच निघालं तोंडातून. त्याने डोळे मिटले.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले होते. रस्त्याकडेने चालणारं प्रत्येक माणूस दिसलं. आपण किती आधीपासून बघतो माणसांना.

२३ डिसें.

अल्बम. वरातीच्या फोटोत कडेला एक भाजीवाली आलीय, काढा म्हणे. अर्धा तास तिच्याकडे बघत बसले. मग काढली. काम आहे. पण स्वतःचा राग आला, आणि दादाचा त्याहून जास्त. दोन वर्षं आम्हाला शेजारीपाजारी खोटं बोलायला लावलं त्याने. त्या बाईच्या घरच्यांसमोर वहिनीने पदर पसरून सांगितलं होतं, माझ्या माणसाची चूक नाही हो.

आणि तो भिंतीकडे तोंड करून का पडायचा, हे आम्हाला पायांमुळे वाटायचं.

ह्यांना सांगितलं नाही.

३ जानेवारी

वहिनीचा फोन. जखम खोल चाललीय. नर्सबाई म्हणाल्या, असाच पडून राहिला तर भरती करावं लागेल, आणि तिथे गेल्यावर काय होईल सांगता येत नाही. वहिनीने काल त्याच्यापुढे हात जोडले. बसला नाही.

मग म्हणाली, "ताई, कालपासून एकच विचारून राहिले. ते बाई कोनाची होती, तिच्या घरी कोन हाय. आताच काहून विचारते असे?"

मी म्हणाले, मले काय माहीत. वहिनीशी पहिल्यांदा खोटं बोलले. आता आम्ही दोघं खोटे.

सांगू का तिला? तिने तो पदर पसरला होता. सांगितलं तर तिच्याकडे काय उरतं? शिफ्ट, ड्रेसिंग आणि हा. नाही सांगितलं तर तो ते एकटा घेऊन...

९ जाने., गुरु.

आज वहिनीने वेगळंच सांगितलं. काल दादाने स्वतःहून खुर्ची मागितली. मशीन लावलं. आणि ती सेटिंग, मी खाली आणलेली, त्याने एकेक करून परत वर नेली. सगळी. धुकंसुद्धा चालू केलं.

"चालवते का पन?"

"नाई ना ताई. गाडी कडेले लावते अन् पायत बसते. मी मांगून पायलं. धुकं, अन् त्याच्यातून एक बाई येऊन राहिली लांबून. ते निघून जाते, मंग दुसरं कोनी येते. डोये पुसत नाई, जेवत नाई. पायतच राहाते."

हातांवर उचलतो का स्वतःला, विचारलं. नाही. टोलपर्यंत जातच नाही, तर कशाला उचलेल. पडून कुजत होता, आता बसून कुजेल. सरळ सांगायचं तर मला भीती वाटते, तो शिक्षा म्हणून बसलाय. आणि ती शिक्षा त्याच्या घरी मी बसवून दिली, माझ्या हाताने, चार स्क्रू आवळून.

१० जाने.

फोन केला. म्हटलं, दादा, कार्ड काढून नेते, जुनं परत लावते. जुनं आहे अजून माझ्याकडे, कपाटात.

"नोको."

"जखमेनं मरशीन."

"राहू दे मीने. दिसू दे."

ओरडले त्याच्यावर. वहिनीचं काय, मी काय करू. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, तुले भेव वाटत असन त येत नोको जाऊ गेममदे. मीच ठेवला फोन.

१४ जाने., संक्रांत

वाणाच्या बायका नुकत्या गेल्या होत्या. दादाचा फोन. किती दिवसांनी त्याने केला.

"गेम लाव."

लॅपटॉप लावला. हळदीच्या बोटांनी. माझी गाडी डेपोच्या फाटकाबाहेर. पुढे जाय म्हणाला, हळू जाय. गेले. टोलनाक्यापाशी आल्यावर म्हणाला, थांब तिथं. थांबले. मागचा आरसा बघितला. राखाडी रस्ता, दोन हिरवे ठोकळे, पुढे काहीच नाही.

"कुठं हायेस?"

"मांगं. लांब हावो. तू दिसून राहिली मले."

"मले तू नाई दिसत."

"नसन दिसत. तुह्या लॅपटॉपात कुठून दिसन."

"ये मंग. चालव."

"मधात माणसं हायेत."

"असू दे. हळू ये. ब्रेक मारत ये."

त्याचा श्वास ऐकू येत होता. इंजिनचा आवाज आला असं वाटलं, पण तो माझ्याच गाडीचा असेल.

मी विचारलं, "टोल भरला का?"

खुर्ची करकरल्यासारखी वाटली. किंवा वहिनीने दार लावलं असेल. विचारलं नाही. गाडीचे मागचे दिवे चालू केले, त्याला तिकडून दिसत असतील म्हणून, आणि आरशाकडे बघत बसले. फोन कट झाला नव्हता.

हे तिळगूळ खात आत आले, स्क्रीनकडे बघून म्हणाले, गाडी बंद पडली का तुझी? नाही म्हटलं, दादा मागे आहे.