पायांना काम नाही

१२ जून २००३
रिटायर होऊन वर्ष झालं. तीस वर्षं सिद्धेश्वरकडच्या खेड्यांत नर्सबाई म्हणून पायी हिंडले. हिंगोलीत मुलाकडे येऊन खाटेवर बसले, तर आता उठताना भिंत धरावी लागते. मिलिंद म्हणतो, "आई, लई राबलीस. आता बस." बाळंतिणींना खाटेवरून उठवून चालायला लावणारी मी. बसायचं म्हणजे किती?

१९ जून
सुनेनं हातातला झाडू काढून घेतला. रागानं नाही, रडकुंडीला येऊन. "आई, बाया म्हणून राहिल्या, सुनंदा सासूला राबवते. मला काहून बदनाम करता?" पोरगी गुणाची आहे. तिच्या गुणांनीच मी मरणार.

२ जुलै
सकाळी बाहेर पडले. नाक्यापर्यंत तिघींनी अडवलं. "नर्सबाई, घरी काही झालं का?" या गल्लीत बाई बिनकामाची चालली म्हणजे घरात भांडणच. उद्यापासून हातात पिशवी. बाजाराला चालले म्हणायचं.

११ जुलै
आठ दिवस चालले. झोप लागते, भाकर गोड लागते. आज मिलिंदनं रस्त्यात गाठलं. पिशवी उघडून बघितली, रिकामी. "भाजी मी गाडीवर आणतो ना? लोक म्हणतील, म्हाताऱ्या आईला बाजाराला धाडतो." पिशवी त्याच्याकडे गेली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

५ ऑगस्ट
विहारात वंदनेला खाली बसले, उठताच येईना. दोघी जणींनी काखेत हात घालून उभं केलं. सगळे बघत होते. घरी येऊन उशीत तोंड घालून रडले. जगून काय करायचं, असं पहिल्यांदाच वाटलं. वाटलं ते लिहिलं.

२० ऑगस्ट
न सांगता बाहेर गेले, नालीपाशी पडले. नुसतं खरचटलं. मिलिंद ओरडला नाही, पण त्यानं फाटकाला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. किल्ली सुनंदाकडे. माझ्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नऊ पावलं. वळताना घेरी येते.

२८ ऑगस्ट
काल खोलीतही चालले नाही. कशासाठी...

३ सप्टेंबर
मिलिंद ड्युटीवर गेल्यावर सुनंदाला सरळ म्हणाले, "अशीच बसले तर दिवाळीपर्यंत माझं हागणं-मुतणं तुलाच काढावं लागंल. किल्ली दे."
"आन् पडल्या तर? मी ह्यांना काय सांगू?"
"मग तू चल संगं. धर माझा हात."
"कामं पडली, आई. आन् लोक काय म्हणतील?"
"दोघी दिसलो तर काय म्हणतील?"
ती चुलीपाशी जाऊन बसली.
मी चपला घालून ओट्यावर बसले आहे. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो आत्ता थांबला.